घरासमोरचा रस्ता नेमका कोणत्या वर्गातला, हे कसे शोधावे

आमची सोसायटी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. पुनर्विकासाच्या पहिल्याच बैठकीत वास्तुविशारदांनी साधा प्रश्न विचारला की समोरचा रस्ता किती मीटरचा आहे आणि कोणाचा आहे. सभासदांकडून चार उत्तरे आली. एकांच्या मते तो डीपी रस्ता, म्हणजे शहराच्या विकास योजनेतला होता, दुसऱ्यांच्या मते ले-आऊटमधला, म्हणजे भूखंड पाडतानाच्या रेखांकनातला, तिसरे म्हणाले की तो पहिल्यापासून तीस फुटीच आहे, आणि चौथ्यांचे म्हणणे असे की महापालिका त्यावर डांबर टाकते त्याअर्थी तो महापालिकेचाच. कागद पाहिल्यावर यांपैकी एकच उत्तर बरोबर निघाले, आणि तेही अर्धेच. तो रस्ता मंजूर रेखांकनातला होता, पण ७.५० मीटरचा होता आणि त्याखालची जमीन अजूनही मूळ मालकाच्या नावावर होती. सचिव या नात्याने हे शोधण्यात माझे सव्वा वर्ष गेले. कोणता कागद कोठे मिळतो हे आधी ठाऊक असते, तर तेच काम दोन-अडीच महिन्यांत झाले असते, म्हणून हा क्रम लिहून ठेवत आहे.

येथे सांगितलेली पद्धत मुंबईबाहेरच्या महानगरपालिका आणि नगरपरिषदांना लागू पडते. तेथे डिसेंबर २०२० पासून बहुतेक ठिकाणी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. बृहन्मुंबईची नियमावली वेगळी आहे आणि तिचा अधिनियमही वेगळा, म्हणजे १८८८ चा आहे. जेथे फरक महत्त्वाचा आहे तेथे तो सांगितला आहे.

१. आधी प्रश्न नीट ठरवा

एकाच रस्त्याला चार वेगवेगळ्या वर्गवाऱ्या लागू असतात, आणि बहुतेक गोंधळ या चारींची सरमिसळ केल्यामुळे होतो.

पहिली वर्गवारी वाहतुकीच्या कामाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार शहरी रस्ते मुख्य, उपमुख्य, संकलक आणि स्थानिक अशा चार वर्गांत मोडतात, आणि त्यांच्या १९७७ च्या मानकात या वर्गांसाठी अनुक्रमे ५० ते ६०, ३० ते ४०, २० ते ३० आणि १० ते २० मीटर एवढी जागा सुचवलेली आहे. आपल्या जुन्या वसाहतींमधल्या कित्येक गल्ल्या यातल्या सर्वांत खालच्या वर्गाच्या किमान रुंदीतही बसत नाहीत. ही वर्गवारी अभियंत्यांच्या नियोजनासाठी आहे, तिच्यामुळे तुम्हाला कोणताही हक्क मिळत नाही, म्हणून अर्जात तिचा आधार घेऊ नका.

दुसरी वर्गवारी नियोजनाची. रस्ता मंजूर विकास योजनेत दाखवलेला आहे, की केवळ मंजूर रेखांकनात आहे, की दोन्हींत नसून फक्त जागेवर आहे, हा तिचा प्रश्न. तिसरी वर्गवारी मालकीची, म्हणजे रस्ता सार्वजनिक की खाजगी. चौथी रुंदीची, आणि बांधकाम किती करता येईल हे मुख्यतः तिच्यावर ठरते.

राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग ही नावे याहून निराळ्या पद्धतीची आहेत. तिचे मूळ १९४३ च्या नागपूर आराखड्यात आहे. तुमच्या भूखंडाला असा एखादा मार्ग लागून असेल, तर तो महापालिकेच्या हद्दीत असूनही सार्वजनिक बांधकाम विभागाच्या ताब्यात असू शकतो, आणि तसे असल्यास पहिली चौकशी तेथेच करावी.

तुमचे काम खड्डे आणि दिवे यांचे असेल तर मालकीची वर्गवारी शोधा. पुनर्विकासाचे किंवा वाढीव बांधकामाचे असेल तर नियोजन, मालकी आणि रुंदी या तिन्ही लागतील.

२. हे कागद आधी गोळा करा

- आपल्या भूखंडाचा सातबारा उतारा, किंवा नगर भूमापन झालेले असल्यास मिळकत पत्रिका
- रस्त्याखालच्या जमिनीचा स्वतंत्र सातबारा किंवा मिळकत पत्रिका
- भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, म्हणजे ज्याला सगळे ‘क प्रत’ म्हणतात तो
- मूळ मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत आणि तिच्यासोबतचे मंजुरीपत्र
- बिनशेती आदेश, त्यातल्या सर्व अटींसह
- इमारतीचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र
- नगररचना विभागाचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा

यांतला दुसरा कागद बहुतेक जण मागतच नाहीत. आपल्या भूखंडाचा उतारा सगळ्यांकडे असतो, पण रस्त्याच्या जागेला वेगळा हिस्सा क्रमांक असू शकतो आणि त्याच्या उताऱ्यावर कोणाचे नाव आहे यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. हिस्सा क्रमांक माहीत नसेल तर भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरच्या भूनकाशात शेजारचे गट पाहून अंदाज घ्यावा आणि मग तलाठी किंवा नगर भूमापन कार्यालयातून खात्री करावी.

३. विकास योजना पाहा, पण तेथेच थांबू नका

नगररचना विभागात सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांक देऊन झोन दाखला व भाग नकाशा यांसाठी अर्ज करा. दाखल्यात तुमची जमीन कोणत्या विभागात आहे, तिच्यावर आरक्षण आहे का, आणि विकास योजनेतला रस्ता तिला लागून किंवा तिच्यातून जातो का, हे लिहिलेले असते. मुंबईत याच कामासाठी विकास नियोजन अभिप्राय घेतात आणि रस्ता रेषेचा अभिप्राय त्याच्या जोडीला वेगळा घ्यावा लागतो.

येथे तीन चुका होतात. पहिली म्हणजे प्रारूप योजना आणि मंजूर योजना यांत फरक न करणे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते आणि कलम ३१ खाली शासन ते मंजूर करते. या दोन टप्प्यांमध्ये रस्त्याची रुंदी बदलू शकते आणि आखणीही सरकू शकते. म्हणून दाखल्यावर मंजुरीची तारीख आहे का, ते पाहा.

दुसरी चूक म्हणजे विकास योजनेतला रस्ता महापालिकेच्या मालकीचा झालाच, असे धरून चालणे. योजनेत रस्ता दाखवणे म्हणजे ती जागा रस्त्यासाठी राखून ठेवणे होय. संपादन व्हायचे असेल तोवर जमीन मूळ मालकाचीच राहते. त्याच अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे अंतिम योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे उठते. अशी नोटीस तुमच्या रस्त्याबाबत दिली गेली आहे का, हे अर्जात अवश्य विचारा.

तिसरी चूक बोलण्यातली आहे. आपल्याकडे कोणत्याही रुंद रस्त्याला ‘डीपी रोड’ म्हणतात, आणि काही शहरांत तर ते रस्त्याचे रूढ नावच झाले आहे. नाव काहीही असले तरी पुरावा भाग नकाशाचाच धरायचा.

४. रेखांकनातला रस्ता आणि त्याच्या अटी

वसाहतींमधले बहुतेक रस्ते विकास योजनेत नसतातच. एखाद्या मालकाने मोठ्या जमिनीचे भूखंड पाडताना जे अंतर्गत रस्ते सोडले, ते हे रस्ते. सध्याच्या एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे निवासी भूखंडांच्या रेखांकनात १५० मीटर लांबीपर्यंतचा अंतर्गत रस्ता ९ मीटर आणि त्यापुढे ३०० मीटरपर्यंतचा १२ मीटर रुंद ठेवावा लागतो. जुन्या रेखांकनांना मात्र त्या त्या काळचे नियम लागू होते, आणि त्यामुळेच ६ किंवा ७.५० मीटरचे कायदेशीर, मंजूर रस्ते आज शहरभर दिसतात. अरुंद रस्ता म्हणजे बेकायदा रस्ता, असे समजून घाबरण्याचे कारण नाही.

मंजुरीपत्राच्या अटी शब्द न शब्द वाचा. त्यांत साधारणपणे असे लिहिलेले असते की रेखांकनातले रस्ते मालकाने स्वखर्चाने तयार करावेत, ते जनतेच्या वापरासाठी खुले ठेवावेत, शेजारच्या जमिनींना त्यावरून जाऊ द्यावे, आणि मागणी होईल तेव्हा ते महापालिकेकडे हस्तांतरित करावेत. आमच्या पत्रातल्या शेवटच्या अटीची पूर्तता कोणीही कधीच केली नव्हती. मालकाने भूखंड विकले आणि रस्त्याचा हिस्सा त्याच्या नावावर राहिला. त्याच्या मागे वारसांची नावे उताऱ्यावर चढली, आणि त्यांतल्या एकाने रस्त्याच्या कडेला पत्र्याची टपरी टाकण्याची तयारी सुरू केली, तेव्हा आम्ही जागे झालो. अशा वेळी ‘जनतेसाठी खुला ठेवावा’ ही अटच तुमचे सर्वांत मोठे संरक्षण असते. म्हणून मंजुरीपत्राची प्रमाणित प्रत नसेल, तर बाकी सगळे थांबवून आधी ती मिळवा.

गुंठेवारीच्या वसाहतीत मंजूर रेखांकनच नसते. तेथे रस्ता कागदावर नसून केवळ वहिवाटीने पडलेला असतो. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम २००१ चा आहे, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्याच्या कक्षेत आली. नियमितीकरणाचा अर्ज करताना सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून रस्त्याची एकच रुंदी नकाशावर दाखवली नाही, तर प्रत्येकाच्या नकाशात निराळा रस्ता दिसतो आणि पुढे त्याचा उलगडा करणे फार अवघड होते.

शहरात नव्याने आलेल्या गावांत आणखी एक कागद उपयोगी पडतो. ग्रामपंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची नोंद नमुना २३ मध्ये असते. पुण्यात २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली, तशी गावे आली की ग्रामपंचायतीचे दप्तर महापालिकेकडे जाते. त्या नमुन्यातल्या तुमच्या रस्त्याच्या नोंदीचा उतारा क्षेत्रीय कार्यालयात मागा. घरपट्टीचा नमुना ८ अनेक जण दाखवतात, परंतु तो घराचा पुरावा आहे, रस्त्याचा नव्हे.

५. सार्वजनिक की खाजगी

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे महापालिकेने सपाटीकरण, खडीकरण, फरसबंदी, गटार किंवा दुरुस्ती केलेला रस्ता, तसेच अधिनियमातल्या तरतुदींनुसार सार्वजनिक ठरलेला रस्ता, हा सार्वजनिक रस्ता होय. जो सार्वजनिक नाही तो खाजगी. सार्वजनिक रस्ते कलम २०२ प्रमाणे महापालिकेकडे निहित होतात, म्हणजे तिच्या मालकीत जातात. नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी १९६५ चा स्वतंत्र अधिनियम आहे.

व्याख्या वाचून असे वाटते की डांबर टाकल्याचे दाखवले की काम झाले. प्रत्यक्षात कार्यालये तेवढ्यावर समाधान मानत नाहीत. आम्हाला तोंडी उत्तर मिळाले की रस्ता ‘वर्ग झालेला नाही’, म्हणजे महापालिकेकडे हस्तांतरित झालेला नाही, आणि पूर्वी काम झाले असेल तर ते लोकांच्या सोयीसाठी झाले. म्हणून तोंडी वाद न घालता पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: रस्त्याचा ताबा घेतल्याची ताबेपावती, हस्तांतरणाचा करारनामा, पथ विभागाच्या रस्त्यांच्या यादीतली नोंद, आणि गेल्या १०-१५ वर्षांतल्या डांबरीकरणाचे, गटाराचे व दिव्यांचे कार्यादेश. ताबेपावती सापडली पण उताऱ्यावर मालकाचेच नाव असेल, तर फेरफार राहून गेला आहे असे समजावे. हे फार वेळा घडते आणि ते दुरुस्त होऊ शकते. ताबेपावतीही नाही आणि कार्यादेशही नाहीत, तर रस्ता खाजगी धरूनच पुढची आखणी करावी.

खाजगी रस्ता सार्वजनिक म्हणून घोषित करून घेण्याची सोय कायद्यात आहे. मुंबईच्या अधिनियमात कलम ३०५ आणि ३०६ यांसाठी आहेत. आयुक्त आधी मालकांना रस्ता सपाट करून त्यावर गटार, फरसबंदी आणि दिवे यांची व्यवस्था करायला सांगू शकतात, आणि ते काम समाधानकारक झाल्यावर मालकांपैकी कोणाच्याही विनंतीवरून तो सार्वजनिक घोषित होतो. इतर महानगरपालिकांच्या अधिनियमातली व्यवस्थाही याच धर्तीची आहे. अडचण खर्चाची असते. रस्त्यालगतच्या सर्व सोसायट्यांनी क्षेत्रफळाच्या प्रमाणात वर्गणी ठरवून, प्रत्येकीच्या सर्वसाधारण सभेचा ठराव जोडून एकत्रित अर्ज केला, तर तो टिकतो. एकट्या सोसायटीचा अर्ज आमच्या अनुभवात पुढे सरकला नाही.

६. रुंदी मोजताना

रस्त्याची रुंदी हद्दीपासून हद्दीपर्यंत, रस्त्याच्या दिशेशी काटकोनात मोजतात. पदपथ, गटार, कडेची मोकळी पट्टी हे सगळे तिच्यात येते. केवळ डांबराची पट्टी मोजून ‘आमचा रस्ता पाचच मीटरचा’ असे लिहून दिलेले अर्ज मी पाहिले आहेत. त्याने आपलेच नुकसान होते. याउलट, रेखांकनात ९ मीटर असलेला रस्ता कुंपणे पुढे सरकल्यामुळे जागेवर ८ मीटर भरतो, असेही घडते. तेव्हा मंजूर रुंदी, मोजणी नकाशातली रुंदी आणि जागेवरची रुंदी असे तीन आकडे एका कागदावर लिहा. तफावत असेल तर भूमी अभिलेखाकडे हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज द्या आणि समोरच्या बाजूच्या धारकांनाही नोटीस जाईल याची खात्री करा, कारण त्यांच्या गैरहजेरीत झालेली मोजणी ते पुढे मानत नाहीत.

फुटांचे आकडे सांभाळून वापरा. घाटकोपर किंवा धारावीतले ‘नव्वद फुटी’, ‘साठ फुटी’ रस्ते जसे नावानेच ओळखले जातात, तसे आपल्याकडेही जुने लोक फुटांत बोलतात. ३० फूट म्हणजे ९.१५ मीटर, ४४ फूट म्हणजे सुमारे १३.४० मीटर, आणि ६० फूट म्हणजे सुमारे १८.३० मीटर; मुंबईच्या नकाशांत असे अपूर्णांकी आकडे दिसतात ते यामुळेच. आमचा ‘तीस फुटी’ रस्ता मंजुरीपत्रात २५ फुटी, म्हणजे साधारण ७.५० मीटरचा होता. त्या पाच फुटांच्या फरकाचे मोल पुढच्या टप्प्यात कळते.

७. नऊ मीटरची रेषा

एकत्रिकृत नियमावलीप्रमाणे महानगरपालिका क्षेत्रात, दाट वस्तीच्या बाहेरच्या निवासी भूखंडांना मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा), १.१० मिळतो. समोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर त्यावर अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणारा निर्देशांकही नाही आणि टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला हस्तांतरणीय विकास हक्कही नाही. ९ मीटर ते १२ मीटरच्या आतल्या रस्त्यावर ०.५० अधिमूल्याचा आणि ०.४० टीडीआरचा भर पडतो. १२ ते १८ मीटरला टीडीआर ०.६५ पर्यंत जातो आणि रस्ता रुंद होत जाईल तसा तो आणखी वाढतो. साध्या हिशेबात, १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर ८.९० मीटरचा रस्ता १,१०० चौरस मीटर देतो आणि ९ मीटरचा २,००० चौरस मीटर. जुन्या सभासदांना आज आहे तेवढी तरी घरे परत मिळतील का, हे बहुतेक पुनर्विकासांत याच रेषेवर ठरते. म्हणून विकासकाशी बोलणी सुरू करण्यापूर्वी रस्त्याचे कागद हातात असावेत. आम्ही उलट केले, आणि दोन विकासकांचे प्रस्ताव ९ मीटर गृहीत धरून आले होते म्हणून ते दोन्ही बाद झाले.

रस्ता कमी पडत असेल तर मार्ग आहे. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० प्रमाणे महापालिका सार्वजनिक रस्त्याची नियमित रस्ता रेषा ठरवू शकते. मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना ४.५० मीटर धरून अशी रेषा आखली गेली, आणि रुंदीकरणात जाणारी पट्टी भूखंडधारकांनी ताब्यात दिली, तर त्या भूखंडांचा विचार ९ मीटर रस्त्याप्रमाणे होऊ शकतो. पुणे महापालिकेने २०२० मध्ये ६ मीटरचे अनेक रस्ते याच कलमाखाली ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला होता आणि त्यावर शहरात बरीच चर्चा झाली. ७.५० मीटरच्या रस्त्यावर प्रत्येक बाजूला फक्त ०.७५ मीटर द्यावे लागतात, ६ मीटरच्या रस्त्यावर १.५० मीटर. पण हे कलम सार्वजनिक रस्त्यासाठी आहे, हे विसरू नका. आम्ही घाईने रस्ता रेषेचा अर्ज आधी केला, तो रस्ता खाजगी असल्याच्या कारणावरून परत आला, आणि मग मालकीच्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली. शिवाय समोरच्या बंगल्याचा जिना किंवा पाण्याची टाकी नव्या रेषेत येत असेल तर त्या कुटुंबाशी आधी घरी जाऊन बोला. जाहीर सूचनेतून त्यांना पहिल्यांदा कळले, तर हरकत येणारच, आणि ती रास्तही असेल.

८. अर्जाचा मजकूर

‘आमच्या रस्त्याची माहिती द्यावी’ एवढेच लिहिले तर अर्ज एका विभागातून दुसऱ्यात फिरत राहतो, कारण विकास योजना नगररचनेकडे असते, रेखांकन बांधकाम परवानगी विभागाकडे, ताबा मालमत्ता विभागाकडे आणि डांबर पथ विभागाकडे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली १० रुपयांचे शुल्क भरून प्रत्येक विभागाला स्वतंत्र अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. माझ्या अर्जातले जे प्रश्न उपयोगी पडले ते येथे देतो. कंसातल्या जागी आपला तपशील घालावा.

- सर्व्हे क्र. (…), हिस्सा क्र. (…) यालगतचा रस्ता मंजूर विकास योजनेत दर्शवलेला आहे काय? असल्यास त्याची रुंदी आणि योजनेच्या मंजुरीचा दिनांक.
- सदर रस्ता ज्या मंजूर रेखांकनाचा भाग आहे त्याचा मंजुरी क्रमांक, दिनांक, आणि नकाशा व अटींसह प्रमाणित प्रत.
- सदर रस्त्याच्या ताबेपावतीची व हस्तांतरण करारनाम्याची प्रत. नसल्यास तसे लेखी कळवावे.
- सदर रस्त्यावर महापालिकेने केलेल्या कामांचे कार्यादेश, वर्षनिहाय.
- सदर रस्त्यासाठी नियमित रस्ता रेषा विहित केली आहे काय? असल्यास ठराव व नकाशाची प्रत.

तिसऱ्या प्रश्नातले ‘नसल्यास तसे लेखी कळवावे’ हे वाक्य गाळू नका. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे लेखी उत्तरही पुढच्या अर्जाला जोडता येते, आणि आमच्या प्रकरणात तेच सर्वांत जास्त कामी आले. उत्तर अपुरे वाटल्यास ३० दिवसांच्या आत पहिले अपील करा, आणि त्यात मूळ नस्तीची पाहणी मागा. मी अशी पाहणी केली तेव्हा नस्तीच्या मधल्या पानांत १९८० च्या दशकातला एक हातकाढा नकाशा सापडला आणि रस्त्याची मूळ रुंदी त्यावर मोजमापासह लिहिलेली होती. नस्ती पाहताना वही, मोजपट्टी आणि भिंग सोबत न्या, पाने क्रमांकाने उतरवून घ्या, आणि हव्या असलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती त्याच दिवशी अर्ज देऊन मागा. नस्ती दुसऱ्यांदा सापडायला आम्हाला चार महिने लागले होते.